पीपलरावांचा सीआरओ

इंदूरहून भोपाळकडे निघालं की पहिला तास आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. देवासची टेकडी लांबूनच दिसते. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, खाली कारखाने आणि नोटांचा छापखाना. थोरली पाती, धाकटी पाती हे शब्द आजीच्या तोंडून ऐकत मोठे झालेले लोक आपल्या मंडळात अजून आहेत, त्यामुळे देवासबद्दल मी काही नवं सांगणार नाही. पुढे सोनकच्छ येतं, कालीसिंध नदी येते. बहुतेक गाड्या तिथे चहा घेऊन सरळ आष्ट्याकडे जातात. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी मी सोनकच्छला मोठा रस्ता सोडला आणि उत्तरेकडे वळलो.

दोन्ही बाजूंना काळी जमीन, वीतभर वाढलेला गहू, मध्ये मध्ये हरभरा आणि लसूण. सगळीकडे पंप चालू. गाडीची काच खाली केली की ओल्या मातीचा वास येतो आणि लांबून मोटारींची घूं घूं. पीपलरावांत बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर मला यादी देता येणार नाही. जुन्या मूर्ती बघायला लोक सोनकच्छजवळच्या गंधर्वपुरीला जातात, यात्रेला पुष्पगिरीला जातात. पीपलरावांला काम असेल तरच माणूस येतो. नगर परिषद आहे, बाजार आहे, शाळा आहे, आणि बाजारातून आत गेलं की एका घराच्या ओसरीत माझ्या काकांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. होतं म्हणायला हवं. सोमवारपासून ते नव्हतं.

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. आजोबा शाळामास्तर म्हणून इथे बदलून आले आणि राहिले. त्या वेळी गावात मराठी बोलणारी चार-पाच घरं होती म्हणे. एक एक करून कुणी देवासला, कुणी इंदूरला, कुणी पुण्याला गेलं. शेवटचं घर काकांचं. चुलतभाऊ पुण्याला नोकरीत आहे, काकांचे हात दोन वर्षांपासून थरथरतात, काकूचे गुडघे दुखतात. घराचा सौदा झाला होता, रविवारी ट्रक येणार होता. मी दोघांना गाडीतून इंदूरला आणायचं आणि सोमवारच्या गाडीने पुण्याला बसवून द्यायचं, एवढंच माझं काम.

पण आठवडाभर आधी काकांचा फोन आला होता. ‘येताना एक दिवस जास्त काढून ये. सीआरओ लागत नाही.’

सीआरओ म्हणजे कॅथोड रे ऑसिलोस्कोप. आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींनी तो कॉलेजात पाहिलेला असतो, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मल्टिमीटर व्होल्टेज किती ते सांगतो. सीआरओ ते क्षणोक्षणी कसं बदलतं ते काढून दाखवतो. एका काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनचा बारीक झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावतो, आणि जे व्होल्टेज तुम्ही प्रोबने आत दिलंत त्याप्रमाणे वर-खाली होतो. कार्ल फर्डिनांड ब्राउनने १८९७ मध्ये अशी नळी केली. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब तिचीच वंशज. डॉक्टरकडे जसा ईसीजी, तसा टीव्ही मेकॅनिककडे सीआरओ. फरक एवढाच की लहान गावातल्या मेकॅनिककडे तो नसायचाच. तो अंदाजाने काम करायचा.

मी फोनवर काय म्हणालो ते इथे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. ‘काका, तुम्ही तर सगळं आवरताय. आता कशाला? भंगारवाल्याला देऊन टाका. हवाच असेल तर हल्ली खिशात मावणारा डिजिटल मिळतो, मी मागवतो.’

पलीकडून नुसतं ‘हं’ आलं. मग काकूने फोन घेतला आणि म्हणाली, ‘तू बीई ना रे इलेक्ट्रॉनिक्समध्ये?’

बीई आहे. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, फर्स्ट क्लास. आमच्या लॅबमध्ये एका सीआरओवर चौघं असायची. एक जण बटणं फिरवायचा, एक जण रीडिंग घ्यायचा, दोघं उतरवून घ्यायचे. मी उतरवून घेणाऱ्यांतला. नंतर अकरा वर्षं सॉफ्टवेअर. सोल्डरिंग आयर्न शेवटचं कधी हातात धरलं तेही आठवत नव्हतं.

काकांचं दुकान सुरू झालं रेडिओवर. आकाशवाणी इंदूर १९५५ मध्ये सुरू झालं, मालवा हाउसमधून. काकांच्या दुकानात आलेला प्रत्येक रेडिओ शेवटी मीडियम वेव्हच्या ६४८वर लावून बघितला जायचा, कारण गिऱ्हाइकाला त्यावर नंदाजी-भेराजी ऐकू आले तरच तो दुरुस्त झाला असं मानायचा. मग टीव्ही आले. २५ जानेवारी १९८७ला ‘रामायण’ सुरू झालं आणि काका सांगतात की त्यानंतर दीड वर्ष त्यांनी शनिवारची रात्र झोपून काढली नाही. ओसरीत टीव्हींची रांग लागायची. ज्याचा सेट रविवारी सकाळी चालला नाही त्याच्या घरचे सगळे काकांच्या दारात. उंच बांबूवर अँटेना, त्याला बूस्टर, लाइट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी.

सीआरओ त्यांनी १९९६च्या सुमारास घेतला, वापरलेला, इंदूरच्या एका कॉलेजने जुनं सामान काढलं त्यात. हे यंत्र तेव्हा परदेशातूनच यायचं असं समजू नका. इंदूरच्या पोलोग्राउंड वसाहतीत जर्मनीच्या हामेग कंपनीच्या आराखड्यावर ऑसिलोस्कोप बनत आणि देशभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत जात. काकांचा कुठल्या कंपनीचा ते मी सांगत नाही. कॉलेजात आणि पीपलरावांत मिळून एवढी वर्षं चाललेल्या यंत्राला नाव ठेवण्यात अर्थ नाही. तर, त्याचे पैसे काकांनी दिले ते ओसरीवरच्या पत्र्यासाठी बाजूला ठेवलेले. तो पावसाळा काकूने ठिबकणाऱ्या जागी पातेली मांडून काढला. हे ती अजून सांगते, आणि सांगताना हसते असं काही नाही.

शुक्रवारी रात्री पोचलो तेव्हा घर अर्धं खोक्यांत होतं. फक्त ओसरीतलं टेबल जसंच्या तसं, त्यावर सीआरओ. मी हातपाय धुतले, चहा घेतला, वायर लावली, पुढचं बटण दाबलं. काही नाही. दिवासुद्धा नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा.

काका खुर्चीत बसून बघत होते. ‘तीनदा दाबून चौथ्यांदा लागतं, असं तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं का?’

‘होतं, काका.’

‘बरं. इथे होत नाही. वायर काढ. आधी बघायचं, मग हुंगायचं, मग हात लावायचा. तू उलट्या बाजूने सुरू केलंस.’

हुंगलं. जुन्या धुळीचा वास, आणि त्यामागे किंचित जळकट. काकांनी मान हलवली, जणू त्यांना ते ठाऊकच होतं. मग म्हणाले की आता भिंतीपासून सुरू कर. प्लगमध्ये मल्टिमीटर लावला तर १८८ व्होल्ट. असायला हवेत २३० च्या आसपास. मी खूश झालो, दोष सापडला म्हणून. काका म्हणाले, ‘संध्याकाळ आहे, सगळ्या शेतांत पंप चालू आहेत, १८८च असणार. त्याने रेघ बारीक होईल, दिवा मंद होईल. पण दिवा लागेल तरी. पुढे चल.’

वायर ठीक होती. पाठीमागे वायर जिथे बसते तिथेच फ्यूजचं झाकण. फ्यूज काढला आणि काकांच्या हातात दिला. त्यांनी तो दिव्यासमोर धरला. हात थरथरत होता म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरलं. काचेची नळी आतून काळपट आणि आरशासारखी चकचकीत झाली होती.

‘तार नुसती मधे तुटलेली असती तर म्हणालो असतो, म्हातारा झाला, गेला. ही काच बघ. एकदम खूप करंट गेलाय, तार वितळून काचेवर उडालीय. आत कुठे तरी शॉर्ट आहे.’

‘मग नवा फ्यूज घालून बघू?’

‘घाल. तोही असाच उडेल, मग तिसरा घालशील, मग कंटाळून जाड तार गुंडाळशील आणि ट्रान्सफॉर्मर जाळशील. या गावातले निम्मे टीव्ही मी त्याच कारणाने उघडलेत.’ मग जरा थांबून, ‘ट्रान्सफॉर्मर आधीच गेला असेल तर झाकून ठेवू. तो कुठे मिळणार नाही.’

काकू आतून म्हणाली, जेवायला चला. थालीपीठं होती. रात्री काकांनी दोनदा ट्रान्सफॉर्मरचा विषय काढला, दोन्ही वेळा स्वतःच बंद केला.

पहाटे साडेपाचला त्यांनी मला उठवलं. मला वाटलं तब्येत. तर म्हणाले, ‘आता प्लग मोज.’ थंडीत कुडकुडत मोजलं. २५६. संध्याकाळचे पंप बंद, गाव झोपलेलं, कुणी वीज घेत नाही, व्होल्टेज चढलेलं. काका अंथरुणात बसूनच म्हणाले, ‘मागे खटका आहे त्यावर २२० आहे की २४०?’ बघितलं. २२०. त्यांनी डोळे मिटले. स्टॅबिलायझर पावसाळ्यात बिघडला, तो त्यांनी काढून ठेवला होता आणि त्यानंतर सीआरओ थेट भिंतीवर चालवला होता, एक-दोनदा पहाटे, झोप येत नाही म्हणून. ‘म्हणजे मीच,’ एवढंच बोलले.

आता लागणार होता सिरीज बोर्ड. हा प्रकार मला माहीत नव्हता, आणि माझ्यासारख्या किती तरी बीईंना माहीत नसेल म्हणून लिहितो. लाकडी पाटीवर एक बल्बचा होल्डर आणि एक प्लगची जागा, दोन्ही एकापाठोपाठ एक जोडलेली. संशयित यंत्र त्या प्लगमध्ये लावायचं. यंत्रात शॉर्ट असेल तर सगळं व्होल्टेज बल्बवर येतं, बल्ब पूर्ण पेटतो आणि यंत्र जळत नाही. यंत्र ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. पंधरा-वीस रुपयांचा बल्ब हजारोंच्या यंत्राचा अंगरक्षक. पण बल्ब हवा तारेचा, तापणारा. एलईडी चालत नाही, त्याचं स्वतःचंच आत इलेक्ट्रॉनिक्स असतं. आणि काकांच्या बोर्डावरचा शंभरचा बल्ब सामान बांधताना फुटला होता.

म्हणून शनिवारी सकाळी मी पीपलरावांच्या बाजारात तारेचा बल्ब शोधत फिरलो. या गावात लहानपणी दिवाळीत येत असे, पण तेव्हा मी फटाक्यांपलीकडे काही बघितलं नाही. इलेक्ट्रिकचं पहिलं दुकान: एलईडी. दुसरं: एलईडी, वर दोन वर्षांची गॅरंटी. किराणावाले आजोबा म्हणाले, असे बल्ब मागच्या मागे संपले. टेंट हाउसवाल्याकडे झालरी होत्या, त्याही एलईडीच्या. प्रत्येक ठिकाणी मी कुणाचा कोण हे सांगावं लागलं, आणि सांगितलं की चहा आला. एकाने त्याच्या वडिलांच्या टीव्हीची गोष्ट सांगितली, एकाने काकांनी पैसे न घेतल्याची, आणि एकाने काकांनी अडीचशे रुपये जास्त घेतल्याची. ती तिसरी गोष्ट मी घरी सांगितली नाही. सगळ्यांनी एकच विचारलं: खरंच जाताहेत का? पोहे-जिलबी दोनदा झाली. बल्ब नाही.

शेवटी मोटार वाइंडिंगच्या दुकानात सापडला. जळालेल्या पंपांना नवी तांब्याची तार भरतात, त्यावर वॉर्निश लावतात आणि ते सुकवायला मोटारीच्या पोटात मोठा बल्ब पेटवून ठेवतात. दुकानात पंचवीसएक वर्षांचा मुलगा होता, आयटीआय केलेला. एका मोटारीच्या पोटात बल्ब पेटलेलाच होता. कशाला हवाय म्हणाला. सांगितलं. त्याने तो चालू बल्ब फडक्याने धरून काढला, मोटार तशीच ठेवली, शटर अर्धं ओढलं आणि म्हणाला, चला, मलाही बघायचंय. सीआरओ त्याने आयटीआयमध्ये काचेच्या कपाटात बघितला होता. कुलूपबंद.

बोर्डावर बल्ब, प्लगमध्ये सीआरओ, नवा फ्यूज, मागे छापलेल्या आकड्याचाच. बटण दाबलं. बल्ब पूर्ण पेटला, डोळे दिपतील असा.

‘बंद कर,’ काका म्हणाले. ‘आता उघड.’

उघडण्याआधी त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण कुणी हे वाचून घरी पेचकस घेऊन बसलं तर मला झोप लागणार नाही. या नळीला सुमारे २००० व्होल्ट लागतात. वायर काढली तरी कपॅसिटरमध्ये ते थोडा वेळ राहतात. पाच मिनिटं थांबायचं, मग रेझिस्टर लावलेल्या तारेने कपॅसिटर रिकामे करायचे, मग मीटरने मोजून खात्री करायची. चालू यंत्रात हात घालायची वेळ आलीच तर एकच हात, दुसरा खिशात, म्हणजे करंट छातीतून जात नाही. आणि घरात दुसरं माणूस हवंच.

मागचे स्क्रू काढल्यावर पत्र्याचं आवरण मागे सरकून निघालं. आत धूळ, पालीची दोन रिकामी अंडी आणि तीस वर्षांपूर्वी कुणी तरी हाताने बांधलेल्या तारांच्या सरळ जुड्या. माझा हात काकांपेक्षा जास्त थरथरत होता. मुलाने ते बघितलं आणि टॉर्च धरायचं काम स्वतःकडे घेतलं.

पद्धत सोपी होती, संयम नव्हता. ट्रान्सफॉर्मरमधून वेगवेगळ्या व्होल्टेजच्या तारा निघतात. सगळ्या सोडवायच्या आणि नुसता ट्रान्सफॉर्मर बोर्डावर लावायचा. बल्ब पेटला तर ट्रान्सफॉर्मर गेला. मी एक एक तार सोडवली, प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नंबर घातला. हे एक मला सॉफ्टवेअरने शिकवलंय: काही उचकटायच्या आधी लिहून ठेव. काकांना ते आवडलं. मग बटण दाबायची वेळ आली आणि लाइट गेली.

अख्ख्या गावाची. मुलगा म्हणाला, शनिवारी मेंटेनन्स असतं, तीन वाजतील.

आम्ही उन्हात येऊन बसलो. काकूने शेंगा दिल्या. मुलगा काकांना इन्व्हर्टरचे प्रश्न विचारत होता: सोलर पंपाचे कंट्रोलर दुरुस्तीला येतात, त्यात मोटारीला जाणारी लहर कापलेली असते असं वाचलंय, पण ती दिसत नाही, मीटर वेडावाकडा आकडा दाखवतो. काका त्याला चपलेच्या टोकाने मातीत आकृती काढून दाखवत होते. मी मध्येच विचारलं, ‘काका, पुण्याला नेणार आहात का सीआरओ?’

‘तिथे कुठे ठेवू? दोन खोल्या.’

‘मग दुरुस्त कशासाठी करायचा?’

‘बंद यंत्र देऊन गेलो तर लोक म्हणतील, जाताना भंगार टाकून गेला.’ मग शेंगा सोलत, ‘आणि हे बघ, मी चाळीस वर्षं इथे लोकांच्या बंद वस्तू चालू करून दिल्या. माझी स्वतःची बंद ठेवून कसा जाऊ?’

काकू म्हणाली, ‘माझा मिक्सर बंद आहे तो बघा आधी.’

तीनला नाही, सव्वाचारला लाइट आली. बटण दाबलं. बल्ब काळा. नुसती तारेची लाल रेषा, तीही नीट बघितल्यावर. ट्रान्सफॉर्मर शाबूत. काका काही बोलले नाहीत, पण त्यांनी पाणी मागितलं.

मग एकेक तार जोडत गेलो, दर वेळी बंद, थांबणं, रिकामं करणं, जोडणं, चालू. उच्च व्होल्टेजची बाजू: बल्ब मंद. दुसरी: मंद. तिसरी, कमी व्होल्टेजची, जिच्यावर सगळी लहान सर्किटं चालतात: बल्ब भक्कन पेटला. त्या तारांच्या तोंडाशी एक काळा, चार पायांचा ब्रिज रेक्टिफायर असतो, जो उलटसुलट येणाऱ्या विजेला एकाच दिशेने वळवतो. डायोड म्हणजे एकाच बाजूने उघडणारं दार. मीटर लावला तर दोन्ही बाजूंनी पीं पीं. दार चौकटीसकट गेलेलं.

‘सापडला!’ मी म्हणालो.

‘मयत सापडला,’ काका म्हणाले. ‘मारणारा शोध.’

ब्रिजच्या शेजारी अंगठ्याएवढा कपॅसिटर होता. त्याचं डोकं किंचित फुगलेलं. मुलालाच ते आधी दिसलं. काढून मोजला तर तोही शॉर्ट. जास्तीच्या व्होल्टेजने म्हातारा कपॅसिटर गेला आणि त्याने ब्रिजला नेलं, की उलट झालं, हे आता सांगता येत नाही. दोन्ही बदलायचे. ब्रिज आमच्याकडे नव्हता, पण काकांच्या बिस्किटाच्या डब्यात तीन अँपिअरचे चार डायोड निघाले आणि चार डायोड नीट जोडले की ब्रिजच होतो. कपॅसिटर मात्र डब्यातले नको म्हणाले, ते न वापरताही सुकतात. मुलगा सायकलवर जाऊन आपल्या दुकानातून नवा घेऊन आला.

डायोड सोल्डर केले, पहिले दोन गचाळ, पुढचे बरे. कपॅसिटर बसवला, आयर्न टेकवणार इतक्यात काका म्हणाले, ‘पट्टी कुठे आहे?’ कपॅसिटरच्या अंगावर उणे बाजूला फिकट पट्टी असते. माझी उलट बाजूला होती. उलटा लागला असता तर फुटला असता, माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर. मी तो काढला, फिरवला. कुणी काही बोललं नाही. टॉर्च थोडी जवळ आली.

मागचा खटका २४०वर केला. बोर्डावर लावला. बटण.

बल्ब चमकला आणि मंद झाला. पुढच्या पॅनेलवर लाल दिवा लागला. दीड दिवसाने. पडदा मात्र काळा. नळीला तापायला वेळ लागतो म्हणून थांबलो. अर्धा मिनिट. एक मिनिट. मी मनात म्हटलं, नळी गेली. नळी गेली तर सगळंच गेलं. मुलाने माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे.

काका खुर्चीतून उठले, टेबलापाशी आले आणि इंटेन्सिटीच्या खुंटीला हात घातला. बोटं थरथरत होती, पहिल्यांदा खुंटी हातातून सुटली. दुसऱ्यांदा त्यांनी ती हळूहळू उजवीकडे फिरवली. पडद्यावर हिरवी रेघ आली. बारीक, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

‘मीच कमी करून ठेवतो,’ ते म्हणाले. ‘ठिपका एका जागी तेज राहिला तर पडदा जळतो.’

पुढचा तासभर काम असं काही नव्हतं. यंत्र स्वतःच देतं ती हजार हर्ट्‌झची चौकोनी लहर बघितली. मग काकांनी मुलाला प्रोबच्या टोकावर बोट ठेवायला सांगितलं. पडद्यावर लाट उठली. घरातल्या वायरिंगची वीज आपल्या अंगावर उमटते, सेकंदाला पन्नास वेळा. पाच मिलिसेकंदावर लावलं की एक पूर्ण लाट चार चौकोनांत बसते. काकूला बोलावलं, तिनेही बोट ठेवलं आणि पदराला पुसलं. मी ठेवलं. काकांनी ठेवलं तेव्हा लाट मोठी-लहान, मोठी-लहान होत राहिली. त्यांनी थोडा वेळ ती बघितली आणि बोट काढलं.

टीव्ही होता तेव्हा, ते सांगत होते, याच पडद्यावर सेकंदाला १५,६२५ रेघांचा ठोका बघायचो. तो ठोका नीट असला की पुढे चित्र आपोआप येतं.

त्यांच्याकडे दुरुस्त्यांच्या वह्या होत्या, अकरा. त्यातली शेवटची उघडून माझ्यापुढे ठेवली, कारण त्यांचं अक्षर आता त्यांनाच लागत नाही. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: सीआरओ. लागत नाही. फ्यूज काळा. ब्रिज शॉर्ट, १ कपॅसिटर शॉर्ट. कारण: पहाटे व्होल्टेज जास्त, खटका २२०वर, चूक माझी. बदलले. चालू. मजुरीच्या रकान्यात काय लिहू विचारलं. म्हणाले, पोहे-जिलबी.

रविवारी ट्रक भरला गेला. सीआरओ मुलाने मोटारसायकलवर नेला, काकूच्या गोधडीत गुंडाळून, मागे त्याचा मित्र दोन्ही हातांनी धरून. वह्याही दिल्या. मराठी आहेत, मी म्हणालो. तो म्हणाला, अक्षरं तर तीच आहेत, भैया. निघताना काकांनी त्याला एकच गोष्ट तीन वेळा सांगितली: प्रोबची जमिनीची चिमटी चालू लाइनला किंवा कंट्रोलरच्या आत कधी लावायची नाही, ती थेट अर्थला जोडलेली असते, भडका उडेल. आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणायचा किंवा डिफरन्शियल प्रोब, नाही तर त्या कामाला हात लावायचा नाही. तिसऱ्यांदा त्याच्याकडून म्हणवून घेतलं.

देवास येईपर्यंत गाडीत कुणी फारसं बोललं नाही. टेकडी दिसल्यावर काकूने हात जोडले. मागच्या सीटवरून काका म्हणाले, ‘त्याला फोन लाव. बंद करताना इंटेन्सिटी कमी केली का विचार.’

मी लावला. मुलगा म्हणाला, बंद कुठे केलाय, दुकानात लावूनच बसलोय, दहा-बारा जण बघायला आलेत.

‘खटका २४०वर आहे ना, ते विचार,’ काका म्हणाले.